पॅप टेस्ट आणि आम्ही डॉक्टर मंडळी

डॉक्टरांकडे किस्से औषधांच्या सॅम्पलसारखे साठतात. कुणी मागितलेले नसतात, पण कप्पा उघडला की खाली सांडतात! मी हिंगोलीत स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून आले, तेव्हा ओपीडी संपली की आम्ही सगळे डॉक्टर एका मेडिकलच्या मागच्या खोलीत चहाला जमायचो. आता तो चहा राहिला नाही. निम्मी मंडळी मुलांकडे पुण्याला गेली. किस्से तेवढे माझ्याकडे उरले.

*

तिथंच मी एकदा गर्भाशयमुखाच्या कॅन्सरवर बोलायला उभी राहिले. "पॅप टेस्ट कधी करायची?" मी विचारलं.

एक सीनियर फिजिशियन ठासून म्हणाले, "तकलीफ सुरू झाली की!"

"सर, त्याच्या आधी. कॅन्सर व्हायच्या आधीचे बदल त्यात कळतात."

"आधी? मॅडम, आपल्याकडं बाई तकलीफ झाल्यावर बी येत न्हाई!"

सगळे हसले. मीही हसले. खोटं काय होतं त्यात!

*

ह्या कॅन्सरच्या लशीचं तर विचारूच नका. आमचे बालरोगतज्ज्ञ मित्र उत्साहानं म्हणाले, "मी सांगतो ना आयांना, पोरीचं लग्न जमलं की घेऊन या."

"अहो, नऊ ते चौदा वर्षांत द्यायची ती!"

"अस्सं! म्हणजे मी हळदीच्या मुहूर्तावर लस देऊन राहिलो होतो व्हय!"

पण माणूस प्रामाणिक. दुसऱ्याच दिवशी स्वतःच्या सातवीतल्या मुलीपासून सुरुवात केली.

*

राठोड आमच्यात सगळ्यात तरुण, त्याच्या तांड्यावरचा पहिला डॉक्टर. तिथं आम्ही तपासणीचं शिबिर ठेवलं, तर एकही बाई पुढे येईना. हा माईक धरून समजावतोय, समजावतोय. शेवटी त्याची आई उठली, पडद्याआड आली, तपासून घेतलं आणि बाहेर जाऊन ओरडली, "चला गं! ह्याच्या भाषणापरीस कमी तरास हाय!"

*

कुलकर्णी सर आमच्यात वडीलधारे. आखाडा बाळापूरला दवाखाना, आणि केसपेपरच्या खिडकीत लग्नापासून काकू. माझं भाषण ऐकून सर जे पेटले! दिसली बाई की, "आधी हिंगोलीला जा, पॅप टेस्ट करून ये." बाळापूरच्या बायका माझ्याकडे यायला लागल्या. एक दिवस त्यांच्यात काकू! एकट्या, एसटीनं.

"सरांना सांगू नका. उगीच घोर लावून घेतील."

रिपोर्टमध्ये बदल निघाले. नांदेडला तुकडा काढून तपासला. कॅन्सर नव्हता, पण वाट त्याच गावाची होती. मग मात्र काकूंना विचारून मी सरांना फोन केला. छोटं ऑपरेशन झालं आणि बिघडलेला भाग सगळा काढून टाकला.

मी भेटायला गेले, तर सर हातात डबा घेऊन कॉटशेजारी उभे.

"एकटी गेलीस! मला काहून नाही सांगितलंस?"

काकू हसल्या. "एवढी वर्षं तुमच्या खिडकीत बसून नंबर देतेय. माझा नंबर कधी आलाच नाही हो!"

सरांनी डबा खाली ठेवला, स्टूल ओढलं आणि काकूंची नाडी बघत बसले. बराच वेळ.