पहिला खिळा आईचा

मंडळी, आज वडाळ्याचं माझं घर बक्षीसपत्र करून आईच्या नावावर केलं. गृहकर्ज मात्र माझ्याच नावावर राहिलं.

बँकेची परवानगी होती, तरी नोंदणीच्या वेळी वकीलबाई म्हणाल्या, "लग्न ठरलंय ना तुझं? घर आईचं आणि हप्ते तू सासरहून भरणार?"

आई लगेच उठली. "बघ, मी सांगत होते. नको मला."

"मग लग्नानंतर माझ्या घरात राहशील?"

"लेकीच्या घरात? शोभतं का ते?"

"म्हणूनच तुझं करतेय गं. बस, अंगठा ठेव मशीनवर."

आधी आम्ही राहायचो त्या परळच्या भाड्याच्या खोलीत मालक भिंतीला खिळा मारू देत नसे. माझ्या घरातही आई विचारायची, "इथे मारू का गं?" मी हो म्हटलं, तरी मारायची नाही.

आज संध्याकाळी भिंतीवर पिवळं ऊन सरकत होतं. मी बघत पडले होते, स्वप्नात असल्यासारखी. तेवढ्यात ठकठक ऐकू आली. आई स्टुलावर चढून माझा पदवीदानाचा फोटो लावत होती, घरातल्या पहिल्या पदवीचा. मला विचारलंसुद्धा नाही.

तो आवाज अजून कानात आहे. तुमच्या घरातला पहिला खिळा कुणी ठोकला होता?