पारोसं पिल्लू

"मंगळवार, १२ मार्च. हवा कोरडी. शेगडीची डावी बाजू नीट पेटत नाही. चादरी धुतल्या. धाकटा चारच्या सुमारास टीव्हीच्या ऑफिसातून आला. चहा नको म्हणाला."

ताईच्या डायरीत एवढंच आहे. पण त्या घरात चहा नको म्हणणं ही साधी गोष्ट नव्हती. ताईचा हा धाकटा भाऊ अंगात ताप असतानाही कप पुढे करायचा.

"काय झालं रे?" ताईने विचारलं.

"शेवटची संधी आहे. शनिवारी सकाळी नदीवरून थेट प्रक्षेपण. तेही फसलं तर कार्यक्रम बंद." त्याने बूट न काढताच खुर्चीत अंग टाकलं. "निर्मात्या बाई म्हणाल्या, सर, प्राणी लोकांना आवडतात, पण तुम्ही मध्ये येता."

हे 'मध्ये येता' त्याला फार लागलं होतं.

उभं आयुष्य त्याने रंगमंचावर फजितीराव म्हणून काढलं. तोकडा कोट, ढगळ पँट आणि चेहऱ्यावर सदा गोंधळ. समोर त्याचे जोडीदार मास्तर उभे असायचे, इस्त्रीच्या कपड्यांत, ताठ. मास्तर प्रश्न विचारायचे, फजितीराव भलतंच उत्तर द्यायचा आणि थिएटर डोक्यावर घेतलं जायचं. दौऱ्यावर मात्र सकाळी सगळी कंपनी घोरत पडलेली असताना हा पाण्याकाठी जाऊन बसायचा. पावडर आणि खोट्या मिशांच्या डब्यात त्याची दुर्बीण असायची. "फजितीराव बगळ्यांची हजेरी घ्यायला गेले," असं म्हणून कंपनीतले लोक कूस बदलायचे. जे दिसायचं ते दाखवायला शेजारी कोणी नसायचं, एवढीच त्याला खंत होती.

पुढे थिएटरच्या जागी फर्निचरचं दुकान आलं. मास्तरांनी चष्म्यांचं दुकान टाकलं. हा वर्षभर ताईकडे रिकामा बसला. मग टीव्हीवरच्या या निर्मात्या बाईंना आठवलं की या विदूषकाला पक्ष्याप्राण्यांतलं बरंच कळतं, आणि त्यांनी त्याला नदीवरच्या पाणमांजरांचा कार्यक्रम दिला. आता आपण एकट्याने पाहिलेलं सगळ्यांना दाखवायचं, या आनंदात तो महिनाभर नीट झोपलाही नाही. पण कॅमेरा सुरू झाला की जुनी सवय उसळी मारायची. पाणमांजराने डोकं वर काढलं की हा तोंड वेडंवाकडं करायचा. त्याने मासा धरला की हा माशाच्या आवाजात बोंब ठोकायचा.

"मास्तरांना विचारून बघ," ताई म्हणाली.

"ते काय सांगणार? त्यांनी जन्मात कुणाला हसवलं नाही."

"म्हणूनच म्हणते. आणि बूट काढ, फरशी पुसलीय."

दुसऱ्या दिवशी तो चष्म्यांच्या दुकानात गेला. मास्तर एका फ्रेमचा बारीक स्क्रू पिळत होते. मान वर न करता म्हणाले, "या फजितीराव. लोकांना पाणमांजर दिसत नाही म्हणे. चष्मा त्यांना लावू की तुला?"

"थट्टा पुरे. माझं चुकतंय कुठे, ते सांगा."

मास्तरांनी स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. "एवढी वर्षं लोक कुणाला हसले?"

"मला."

"तेव्हा मी काय करत होतो?"

इतके प्रयोग शेजारी उभं राहून केले, पण मास्तर काय करतात हे त्याने कधी पाहिलंच नव्हतं. "प्रश्न विचारायचात," तो चाचरत म्हणाला. "मग गप्प राहायचात."

"नुसता गप्प नाही रे, शहाण्या. तुझ्याकडे बघत गप्प. मी जिकडे बघायचो, तिकडे लोक बघायचे. मी इकडेतिकडे मान वळवली असती ना, तर तुझा एक विनोद पोचला नसता. आता लोकांनी हसायचं कुणाला?"

"पिल्लांना."

"मग तू कोण?"

"मी? मी मास्तर," तो म्हणाला.

"उजाडलं म्हणायचं! चल, उभा राहा. मी पिल्लू. मला पाण्यात जायचं नाहीये. विचार."

आणि मास्तर, दुखऱ्या गुडघ्यांचे, कडक कॉलरचे मास्तर, काउंटरपुढे उकिडवे झाले आणि दोन्ही हात छातीशी घेऊन, गाल फुगवून, पाठ फिरवून बसले. फजितीरावाने प्रश्न विचारला आणि जीभ दाताखाली धरून त्यांच्याकडे एकटक बघत राहिला. तेवढ्यात चष्मा न्यायला आलेल्या एक आजीबाई दारातच थबकल्या. त्यांनी आधी याच्याकडे पाहिलं, मग हा बघतोय तिकडे पाहिलं, आणि हसता हसता त्यांना दाराचा आधार घ्यावा लागला.

मास्तर काउंटरला धरून उठले. कान लाल झाले होते. "बरं वाटतं की रे," ते पुटपुटले. "आधी सांगायचंस."

शनिवारी सकाळी नदीवर धुकं विरळ होत होतं. पाणमांजर आई काठावर आली, मागून दोन पिल्लं. एक आईपाठोपाठ सुळकन पाण्यात शिरलं. दुसऱ्याने एक पाय बुडवला, झटकला आणि मागे सरलं.

फजितीरावाने त्याच्याकडे पाहिलं आणि हलकेच विचारलं, "काय मग, आज आंघोळ, की पारोसंच राहायचं?"

आणि तो गप्प झाला.

पिल्लू मान खाजवत बसलं. फजितीरावाच्या जिभेवर एक विनोद आला, मागोमाग दुसरा आला. त्याने दोन्ही गिळले. दुर्बिणीचा पट्टा मुठीत घट्ट धरला होता. थिएटरात इतकी शांतता पडली असती, तर त्याला घाम फुटला असता. पिल्लाने आईकडे पाहिलं आणि सावकाश, अगदी मास्तरांसारखी, पाठ फिरवली. आई पाण्यातून वर आली, त्याची मानगूट धरली आणि त्याला घेऊन धपकन पाण्यात गेली. क्षणभराने पिल्लाचं डोकं वर आलं, मिशा निथळत, चेहऱ्यावर असा काही अपमान की कॅमेरामन कॅमेरा न हलवता खांदे गदगदवत हसायला लागला.

मग पिल्लू पोहू लागलं. तो बघत राहिला.

कार्यक्रम संपला तेव्हा कानातल्या यंत्रातून बाईंचा आवाज आला. "सर, आज तुम्ही जवळजवळ दिसलाच नाहीत."

"होय ना?" तो म्हणाला. "पिल्लू दिसलं?"

"इथे सगळ्यांनी काम सोडून पाहिलं. पुढच्या भागाला बगळे घ्यायचे का?"

"घ्या," तो म्हणाला. "त्यांची हजेरी राहिलीच आहे."

घरी पोचला तर मास्तर ताईच्या टीव्हीसमोर बसलेले होते. दुकान बंद ठेवून आले होते. "पाठ फिरवली ना, ती माझी," तो दारात असतानाच त्यांनी सुनावलं. "त्या पिल्लाने चोरली."

"तुमचीच, मास्तर," तो म्हणाला आणि आत वळून ओरडला, "ताई, चहा!"

"थांब जरा. दुधाची दुसरी पिशवी आणायला शेजारच्या पोराला पाठवलंय."

त्या संध्याकाळी ताईने डायरीत लिहिलं, "सकाळचं दूध उतू गेलं. शेगडी घासली. आता डावी बाजूही पेटते."