दिवाकर सरांनी उचललेला स्टँड

छत्तीसगडमधल्या नवा रायपूरच्या एका कॉलेजात शेवंता मेश्राम केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये अटेंडंट होती. तिथले दिवाकर सर म्हणजे शांत माणूस. तिच्या मुलीला, दीक्षाला, बारावीला त्यांनीच रविवारी घरी बोलावून शिकवलं होतं.

त्या मंगळवारी विशाल नावाच्या विद्यार्थ्यानं दुसऱ्याच्या वहीतून रीडिंग उतरवलं. सरांनी पकडलं, तर तो हसला. एवढंच झालं. सरांनी टेबलावरचा लोखंडी स्टँड उचलला.

"आज डोकंच फोडतो तुझं!"

पोरं मागे सरकली. शेवंता मात्र पुढे गेली आणि तिनं स्टँडचं दुसरं टोक धरलं.

"सर, सोडा. मले द्या थो."

सर तिच्याकडे अनोळखी बाईकडे पाहावं तसं पाहत राहिले. मग त्यांचा हात सैल पडला. शेवंतानं विशालला सांगितलं, "तू बाहेर जाय, सबको लेके जा," आणि ऑफिसात फोन लावला.

दोन दिवसांनी चौकशी बसली. समितीच्या मीनल मॅडमनी विचारलं, "ते खरंच मारणार होते, की नुसते घाबरवत होते?"

"मले नाही समजलं, मॅडम."

"मग मधे का गेलात? लागलं असतं तर?"

"थेही नाही समजलं."

शेवंतानं जेवढं पाहिलं होतं तेवढंच लिहायला लावलं, आणि खाली सही केली. सरांना रजेवर पाठवलं गेलं.

घरी दीक्षा भडकली. "मम्मी, आपने सर के खिलाफ क्यों लिखा?"

"जे झालं थे लिवलं वो."

तिकडे विशाल भेटेल तेव्हा पाया पडायचा. शेवंताला ते नकोसं व्हायचं. त्या क्षणी तिला त्याची काळजी वाटली होती की सरांची, हे तिला आठवतच नव्हतं.

महिन्याभरानं सरांचा फोन आला. डॉक्टरकडे जातोय म्हणाले.

"शेवंताबाई, मी मारलं असतं का हो त्याला?"

"काय सांगू सर? मले तर अजूनबी समजून नाही राह्यलं."

"मलाही नाही."

"दीक्षाले देऊ का फोन?"

"नको," सर म्हणाले. "आज नको."