पाळीवरचा मान

दुपारचं जेवण झालं की यादोराव कापगते ओसरीतल्या खाटेवर आडवे होतात. आजही झाले आहेत, पण डोळा नीट लागत नाही. उद्या बेलतळ्याच्या पाळीची, म्हणजे तलावाच्या बांधाची, पूजा. गाव वसवणाऱ्याचा मान म्हणून दरवर्षी मातीचं पहिलं टोपलं कापगत्यांच्या घरचा माणूस पाळीवर टाकतो, मग बाकीचं गाव. यंदा तिथं दगडही बसायचा आहे. त्यावरचा मजकूर यादोरावांनीच लिहून दिला : 'कापगते घराण्याने या ओसाड जागी तलाव बांधला व गाव वसवले.'

पंख्याची घरघर लांब जाते, ओली होते.

खाटेच्या पायथ्याशी सोमा मारबते बसलेला आहे. मासे धरणाऱ्या ढिवरांच्या मोहल्ल्यातला, त्यांच्याच वयाचा. गेल्या पोळ्याला वारला. यादोराव त्याच्या मातीला गेले होते, त्यामुळे तो मेलेला आहे हे त्यांना पक्कं ठाऊक आहे.

"का गा सोमा, जेवला का?"

"जिता होतो तवा नाई इचारलं. आता इचारते."

यादोराव हसतात, ओसरीची पायरी उतरतात आणि पाळीवर उभे असतात. डोक्यावर टोपलं आहे. गाव जमलं आहे. ढिवर मात्र पाण्याकडे तोंड करून, त्यांच्याकडे पाठ फिरवून ओळीनं उभे. दरवर्षी असेच उभे राहतात. गावाचा समज असा की ढिवरांची देवी पाण्यात आहे, तिला पाठ दाखवायची नसते. आणि यादोराव दरवर्षी म्हणतात तेच आताही म्हणतात,

"मानकऱ्याले पाठ दाखवता का बे?"

गाव हसतं. सोमाही हसतो. तो नेहमीच हसायचा.

"देवीले तर दाखवता येत नाही ना," यादोराव त्याला डिवचतात.

"देवीचं कोनं सांगतलं तुले?"

"सारेच सांगतात."

"आमाले इचारलं का कोनी?"

"मग काय पाहता तिकडं?"

"चाल, दाखवतो."

पाणी घोट्याला लागतं, गुडघ्याला लागतं, मग लागतच नाही. पायाखाली सारवलेलं अंगण आहे. पलीकडे मातीच्या भिंती, खुंट्यांवर जाळी वाळत घातलेली. एक बाई अंगण झाडते आहे. ती यादोरावांकडे बघते आणि झाडत राहते.

"हे कोनाचं घर?"

"माझ्या आज्याच्या बापाचं. आमचं लहानसं तळं होतं, मासोयी पुरे इतकं. तुमच्या लोकायनं पाळ बांधली, पानी अडलं, वस्ती बुडाली. आमचे लोक पाळीवर जाऊन उभे रायले. तिथून घर दिसे."

यादोराव वर बघतात. खूप उंचावर पाळ आहे आणि तिच्यावरून ओळीनं चेहरे खाली वाकलेले आहेत. इतक्या वर्षांत त्यांनी त्या माणसांच्या पाठी तेवढ्या पाहिल्या होत्या.

"जन्मभर माझ्याजवळ बसला तू. काहून नाही सांगितलं?"

"तू हसवत होता, मी हसत होतो. सांगतलं असतं त कोन हसलं असतं?"

यादोरावांचे कान तापतात.

"इथं कोनीच नव्हतं असं लिवलं मनतात तू."

"दगड लहान होता, सोमा."

"हो. आमी मावलो नसतो."

सोमाच्या बोलण्यात राग नाही. राग असता तर बरं झालं असतं.  यादोराव अंगणात खाली बसायला वाकतात, तळहात तिथल्या चुलीवर टेकतो. चूल अजून गरम आहे.

"उठा जी." कौतिकाबाई खाटेशी चहा घेऊन उभ्या आहेत. "दगड आला. गाडीवाला इचारते, कुठं उतरवू?"

कपासाठी पुढे केलेल्या नवऱ्याच्या हाताकडे त्या बघत राहतात. तळहात काळाभोर. काजळी रेघारेघांत बसली आहे.

"हे काय? आपल्या घरी त गॅस आहे."

यादोराव मूठ मिटतात. "उतरवू नको म्हण त्याला. मी ढिवर मोहल्ल्यात जाऊन येतो."

"तुमी कायले जाता? काही सांगाचं असन त बोलवून घ्या. नेहमी बोलवताच."

"सांगायचं नाही. विचारायचं आहे."

"चहा त घ्या."

ते डाव्या हातानं कप घेतात. बायकोकडे मात्र त्यांना बघवत नाही.