खुर्चीमागची किल्ली

तुमच्या शाळेत, कचेरीत, दुकानात बायकांच्या संडासाची किल्ली कुणाकडे असते? चटकन सांगता येत नसेल, तर हे शेवटपर्यंत वाचा.

माझी बालमैत्रीण शालू गेल्याचा निरोप आला तेव्हा मी छापखान्यात मुद्रितं तपासत होते. फोन कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात आला होता. दुकानदार स्वतः आला, दारात थांबला, आणि डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली... मला कळलं. कित्येक वर्षं मी याच निरोपाला भीत होते.

आमचे दोघींचे वडील एकाच कामगार संघटनेतले. आमच्या घरांत पुस्तकांच्या आधी पत्रकं आली. त्यांच्या कोऱ्या बाजूवर आम्ही बाराखडी गिरवली आणि मोठ्या झाल्यावर तशीच पत्रकं स्वतः लिहायला लागलो. भाववाढीविरुद्धच्या सभेत शालू इतवारीच्या बाजारात हातगाडीवर उभी राहून बोलली होती. गर्दीतून एकजण ओरडला, "बाई, घरी जाऊन पोळ्या लाटा!" ती म्हणाली, "लाटते नं गा, आधी तू गहू तर स्वस्त कर!" अडते, हमाल, सगळा बाजार हसला. ही बाई कुणाला भीत असेल असं त्या दिवशी कुणाला वाटलं नसतं.

भीती होती ती तापाची. लहानपणापासून तिला मधूनच थंडी वाजून ताप यायचा. हिवताप म्हणून गोळ्या दिल्या जायच्या. खरं दुखणं कळलं तेव्हा फार उशीर झाला होता. लघवी खाली जाण्याऐवजी मूत्राशयातून उलटी वर चढायची आणि तिच्याबरोबर जंतूही. दोन्ही किडन्या त्यात वाळून गेल्या होत्या. मुंबईला नेलं. तिची आई, जिला मी मावशी म्हणते, डॉक्टरांपुढे बसली आणि म्हणाली, "भिवापूरले मिरच्याची देठं खुडून हात जळाले, तवा नाही रडली मी. आता काहून रडू? घ्या माही एक काढून."

नवी किडनी चालू लागली. पण पुढच्या एका तपासणीत दिसलं, लघवी तिच्यातही थोडी उलटी चढते आहे. मी तिथे होते. मावशीचा चेहरा पांढरा पडला. डॉक्टर म्हणाले, "घाबरू नका. पुष्कळांना असं असतं आणि तरी किडनी वर्षानुवर्षं चालते. मात्र पाणी भरपूर प्यायचं, लघवी अडवून धरायची नाही, आणि थंडी वाजली की लगेच इस्पितळात यायचं, थांबायचं नाही."

तेव्हापासून ते घर थर्मामीटरवर जगू लागलं. मावशी पोरीच्या कपाळाला हात लावायला निमित्तं शोधायची. टिकली सरकली म्हणून, केस डोळ्यांवर आले म्हणून. "टिकली पाहून राहिली का ताप पाहून राहिली वं आई?" शालू चिडवायची, पण हात झटकायची नाही. ती पुन्हा शाळेत शिकवायला जाऊ लागली. मावशी उकळून गार केलेल्या पाण्याचा, फिरकीच्या झाकणाचा तांब्या रोज तिच्या पिशवीत ठेवायची. संध्याकाळी तो रिकामा आला की तिचा जीव भांड्यात पडायचा.

शेवटच्या आजारात शालू इस्पितळाच्या खाटेवर कुडकुडत होती. तीन चादरी घातल्या तरी दात वाजत होते. मावशी औषधं आणायला खाली गेली, तेव्हा शालू म्हणाली, "तांब्यातलं पाणी मी सदाफुलीले घालत होती वं. शाळेच्या फाटकापाशी."

"काहून?"

"संडासाची किल्ली हेडमास्तरच्या खुर्चीमागं खिळ्याले टांगली असते. सुटीत सारे मास्तर तिथंच चहा पीत बसतात. मी एकाच दिवशी दुसऱ्यांदा मागितली, तर एकजण म्हणे, बाई, पाणीपट्टी वेगळी भरा आता. सारे हसले. मंग मी पाणीच पिणं सोडलं... हातगाडीवर चढून गव्हाचं बोलता येते. हे कसं बोलू? आईले सांगू नको. तिची किडनी आहे ते."

किल्लीमुळेच ती गेली, असं मी म्हणणार नाही. डॉक्टरही तसं म्हणाले नाहीत. शरीरानं नवी किडनी झिडकारू नये म्हणून ज्या गोळ्या देतात, त्यांनी जंतूंशी लढायची ताकदही कमी होते. कोणती किडनी किती टिकेल, हे त्यांनाही नेमकं सांगता येत नाही. पण टिकवायचे जे साधे उपाय तिच्या हातात होते, ते त्या खिळ्यावर टांगलेले होते.

तेरावं झाल्यावर मावशीनं मला विचारलं, "माहीच किडनी नासकी निघाली काय वं? मीच तिले मारलं काय?" मला शालूचा शब्द राखता आला नाही. मी सगळं सांगितलं. मावशी कितीतरी वेळ तांब्याची फिरकी उघडत आणि लावत बसली. मग म्हणाली, "चाल. मले ते झाड पाहायचं आहे."

आम्ही गेलो तेव्हा शाळा सुटत होती. शालूच्या जागी आलेली बाई अगदी कोवळी होती. ती फाटकाशी आली, इकडेतिकडे पाहिलं, पिशवीतून बाटली काढली आणि सदाफुलीवर वाकली. मावशी पुढे झाली आणि तिचा हात धरून म्हणाली, "पोरी, पिऊन टाक वं ते. झाडाले मी घालते पाणी."

फिरकीचा तो तांब्या आता मावशीच्या फळीवर आहे, भरलेला. ती तो रोज सकाळी भरते. मला तो पाहवत नाही, कारण रिकामा तांब्या घेऊन अशा किती पिशव्या रोज संध्याकाळी घरी जात असतील, याची मला भीती वाटते.

संडास, लघवी हे शब्द वर्तमानपत्राच्या पुरवणीत वाचून कुणाला संकोच वाटला असेल, तर वाटू द्या. संकोचानंच हे केलं आहे. उद्या कामावर गेलात की ती किल्ली शोधा. खिळ्यावरून उतरवा, बाहेरचं कुलूप काढा, आतून कडी बसवून घ्या. आणि घरची मुलगी, बहीण, बायको संध्याकाळी रिकामी बाटली घेऊन परतली, तर नुसत्या बाटलीवर विश्वास ठेवू नका. तिला विचारा.