काखेतला टॉवेल

"हल्लू जायचं, वर जरा थांबायचं, मग सोडायचं," असं स्वतःशी पुटपुटत आमच्या वरचे भाऊजी गच्चीवर छत्री फिरवायचे. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, माकडं हाकलतायत. आमच्या अंबरपेठेत पापड वाळत घातले की माकडं यायचीच. मी म्हटलं, "भाऊजी, गेलं ते माकड."

तर म्हणतात, "वहिनी, हा गोल्फ आहे."

आता तुम्हीच सांगा, यावर काय बोलायचं? वरच्या मजल्यावरचे हे गृहस्थ वीज खात्यातून निवृत्त झालेले, जन्मात पत्त्यांपलीकडे काही खेळले नव्हते. आमचा वॉचमन तर तोंडावर विचारायचा, "क्या साब, मच्छरां मार रै क्या?" हे शांतपणे म्हणायचे, "हौ, बड़े वाले."

मोबाईलवर एक गोरा मास्तर शिकवायचा. त्याचं इंग्रजी पापड लाटता लाटता माझ्याही कानावरून जायचं. दोन्ही काखांत टॉवेल धरायचा आणि काठी फिरवायची. टॉवेल पडला तर हात अंगापासून सुटले, म्हणजे चूक. पाय जुळवून फिरवायची. तोल गेला तर चूक. पाण्याच्या टाकीला उशी लावून तिच्यावर कपाळ टेकायचं, म्हणजे डोकं हलत नाही. ते टाकीला डोकं टेकून उभे दिसले की खालच्या बायका मला विचारायच्या, "बरे आहेत ना हो ते?"

एकदा दिवेलागणीला माझाच झाडू घेऊन सुरू झाले. म्हणे झाडूला वारा अडतो, दंडात जोर येतो. मी म्हटलं, "तिन्हीसांजेला झाडू फिरवता? लक्ष्मी निघून जाईल घरातली."

"मी झाडत नाहीये, वहिनी."

"ते लक्ष्मीला कुठं कळतंय?"

झाडूचा सराव त्या दिवसापासून सकाळी गेला.

हे सगळं कशासाठी, ते चहा पिताना एकदा सांगितलं त्यांनी. बायको जाऊन वर्ष झालं होतं. एकुलता एक मुलगा याच शहरात, पण पार गच्चीबावलीला, कंप्युटरच्या कंपनीत. "ती होती तोवर फोन तिच्या हातात असायचा. आम्ही दोघं तिच्यामार्फतच बोलायचो. आता तो मला करतो. 'जेवलात?' 'जेवलो.' 'गोळी घेतली?' 'घेतली.' 'ठेवू?' 'ठेव.' संपलं." मग कप खाली ठेवून म्हणाले, "तो रविवारी गोल्फ खेळतो. त्यात मारण्यापेक्षा चालणंच जास्त, म्हणे. सोबत चाललो तर बोलेल की काहीतरी. पण अगदीच अडाणी दिसलो तर परत नेणार नाही."

काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं मनात आलं माझ्या.

अफझलगंजच्या एका भंगारवाल्याकडून त्यांनी खरी गोल्फची काठी आणली. मोज्यांचा चेंडू केला. आणि काय सांगू, हात बसला हो. माझ्या वाळत घातलेल्या दोन चादरींच्या मधून चेंडू सरळ जायचा. मलाही नजर आली होती. पापड उलटता उलटता मी म्हणायचे, "डोकं उचललंत."

मग एका रविवारी मुलगा त्यांना घेऊन गेला. दुपारभर माझा जीव थाऱ्यावर नव्हता. संध्याकाळी ते गच्चीवर आले.

"लागला का?"

"हुकला. नुसती माती उडाली."

मला इतकं वाईट वाटलं. एवढा घाम गाळला माणसानं. पण चेहरा तर पडलेला नव्हता.

"पहिला खराच हुकला, वहिनी. काठी घट्ट आवळून धरली होती. तर तो मागून आला, माझी मनगटं धरली. 'बाबा, असं नक्को, रिलॅक्स करा,' म्हणाला. मी त्याला सायकल शिकवली, त्यानंतर हात असा लागलाच नव्हता कधी."

"मग?"

"मग दुसरा मी हुकवला."

"मुद्दाम?"

"तिसराही. शेवटी म्हणाला, 'बाबा, घरी काखेत टॉवेल धरून प्रॅक्टिस करा.' मी विचारलं, 'टॉवेल? तो कशाला रे?' मग काय, पुढची सगळी वाट तो मला टॉवेल समजावत होता. त्यातनं ऑफिसचं निघालं, मग आईचं निघालं."

आम्ही दोघंही पोट धरधरून हसलो. डोळे पुसले ते दोघांनीही, पण ते हसण्यामुळेच असं दोघंही धरून चाललो.

सराव मात्र सोडला नाही त्यांनी. मी म्हटलं, आता कशाला? तर म्हणाले, "नीट मारता आल्याशिवाय नीट चुकवता येत नाही. पोरगा हुशार आहे, ओळखेल." रविवारी मुलासोबत असताना मधूनच एखादा चेंडू मुद्दाम सरळ मारायचे, शिकवणाऱ्याचा हुरूप टिकावा म्हणून.

दसऱ्याच्या आधी मुलगा त्यांना कायमचं न्यायला आला. सामान थोडंच होतं. मी पापडाचा डबा बांधून फाटकाशी उभी राहिले. तो गाडीत दिला, आणि "येत जा हो" म्हणायला तोंड उघडलं, तर मुलगा गाडी सुरू करता करता सांगत होता, "बाबा, मेन चूक तुमची मनगटात आहे," आणि हे अंग वळवून विचारत होते, "कुठल्या रे, डाव्या की उजव्या?" गाडी कोपऱ्यावरून वळली तरी दोघांची तोंडं चालूच होती. मला हात करायचं त्यांच्याकडून राहूनच गेलं.