धुतलेले पाय

एस्तेरबाई माणसाच्या तोंडाकडे आधी बघत नसत. आधी पाय बघत. रविवारी उपासनेला आम्ही आत जायचो, तेव्हा त्या दाराशी उभ्या राहून बाहेर काढलेल्या चपला-बूट न्याहाळत. एकदा मी कारण विचारलं. म्हणाल्या, "या चपला आठवडाभर कुठं गेल्या ते बघते. हाफिसात गेल्या, हॉटेलात गेल्या. वरच्या वाडीची तांबडी माती एकीलाबी न्हाई."

सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून आयुष्य काढून त्या रिहे गावात दोन खोल्यांत राहत होत्या. आमचं ख्रिस्ती देऊळ पुण्याजवळ मारुंजीच्या बाजूला, सोसायट्यांच्या मधोमध. मंडळी सुशिक्षित, सुखवस्तू आणि स्वतःवर प्रसन्न. मी त्यांच्यातलाच. ग्रंथपाल होतो, आवाज बरा आहे, म्हणून शास्त्रवाचन माझ्याकडे असे. बाई मला 'पुस्तकवाले' म्हणत. त्यात कौतुक नव्हतं.

गेल्या वर्षी आम्ही देवळाभोवती दगडी कुंपण बांधलं. त्या कामावर रिह्याच्या वरच्या वाडीतला लहू होता. कातकरी, चाळिशीचा. त्याच्या पावलावर दगड पडला. देवळाच्या कमिटीने ताबडतोब ठराव केला की त्याच्यासाठी प्रार्थना करावी. दोन रविवार त्याचं नाव घेतलं. तिसऱ्या रविवारी राहून गेलं. बाई मात्र वाडीवर जाऊन पाय बघून आल्या आणि कमिटीला सांगू लागल्या की लहूला साखर आहे, पाय सडतोय, पुण्याला मोठ्या दवाखान्यात न्या, नाहीतर पाय कापावा लागेल. अध्यक्ष म्हणाले, सणाचे दिवस उरकू द्या, मग बघू.

उत्तम शुक्रवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या, आदल्या दिवशी आमच्याकडे पाय धुण्याचा विधी असतो. प्रभूने शिष्यांचे धुतले, म्हणून पाळकसाहेब बारा जणांचे धुतात. हे बारा जण कमिटीच निवडते, बहुतेक स्वतःमधूनच. आणि हे बाराही जण घरून पाय धुऊन येतात. नखं कापून, टाचा घासून, एखादा अत्तर लावून. नवे मोजे उतरवून पाय पुढे करतात आणि डोळे मिटतात. मीही त्या वर्षी टाचा घासल्या होत्या. यात काही चुकतंय असं आमच्यापैकी कुणालाच कधी वाटलं नाही.

माझं वाचन संपलं आणि बाई मधल्या वाटेने लहूला धरून आल्या. पायाला चिंधी गुंडाळलेली. तिचा वास आमच्या अत्तरावरून पुढे आला. बाईंनी अध्यक्षांची खुर्ची मोकळी होती ती लहूला दिली.

अध्यक्ष हळू आवाजात म्हणाले, "बाई, आज नको. विधीची एक रीत असते."

"मग रीतच करा की. घाण झालेला पाय धुवायचा, हीच ना रीत? तुमचे तर धुतलेलेच हायेत."

पाळकसाहेब कमिटीकडे बघू लागले. बाई माझ्याकडे वळल्या. "पुस्तकवाले, वाचलंत लई छान. आता पुस्तक ठेवा अन् ह्याचा पाय धरा."

मी पान उलटलं. पुढच्या पानावर मला वाचायचं काहीही नव्हतं.

मग बाईच खाली बसल्या, दुखऱ्या गुडघ्यांवर. चिंधी सोडली. दोन बोटं काळी पडली होती. पाय धुऊन झाल्यावर त्यांनी विचारलं की कुणाची गाडी पुढेच उभी आहे. अंगण गाड्यांनी भरलेलं होतं. एकाचीही किल्ली खिशातून निघाली नाही. ज्या भाजीच्या टेम्पोतून लहू आला, त्यातूनच पुण्याला गेला. दोन बोटं गेली, पाय वाचला.

पुढच्या रविवारी पाळकसाहेबांनी देवाने आमच्या प्रार्थना ऐकल्याबद्दल आभार मानले. मागच्या बाकावरून बाई म्हणाल्या, "टेम्पोवाल्याच्या ऐकल्या आसतील."

लहूची जखम भरायची, पुन्हा उघडायची. दर गुरुवारी तो बाईंच्या ओट्यावर यायचा आणि बाई पट्टी बदलायच्या. असं वर्षभर चाललं. यंदा मार्चमध्ये बाई गेल्या. त्यांच्यापुढे ज्यांनी तोंड उघडलं नव्हतं, त्या सर्वांनी अंत्यविधीला लांब भाषणं केली. कमिटीने त्यांच्या स्मरणार्थ पितळी घंगाळं करून घेतलं. त्यावर कोरलं आहे, 'नम्र सेवेचा आदर्श'. शब्द माझे. ठाशीव आहेत, आणि त्यांत अर्थ काडीचा नाही. बाई नम्र कधीच नव्हत्या.

यंदाच्या विधीत त्या घंगाळ्यात गुलाबपाणी ओतलं आणि बारा धुतलेले पाय पुन्हा धुतले. वाचन मीच केलं. बाहेर आलो तर नव्या कुंपणाच्या फाटकाशी लहू उभा. गुरुवार होता.

"बाई न्हाईत," तो म्हणाला. "पट्टी कोन बदलनार?"

माझ्या हातात पुस्तक होतं. ते मी कुंपणावर ठेवलं. आत जाऊन घंगाळं उचललं, गुलाबपाणी झाडात ओतलं आणि नळाचं पाणी भरलं. लहूने सांगितलं तशी पट्टी सोडली, धुतलं, बांधलं. माझा हात जड आहे. त्याने दात आवळून सोसलं, मग म्हणाला, "तुमी लई गप ऱ्हाता. बाई शिव्या द्यायच्या, तवा दुकायचं न्हाई."

त्या दिवशी मी घंगाळं घरीच आणलं. आता कमिटीचं पत्र आलं आहे. पवित्र भांड्याचा गैरवापर झाला, भांडं परत करावं आणि लेखी खुलासा द्यावा. मी सावकाश लिहिणारा माणूस आहे. खुलासा अजून लिहिलेला नाही. घंगाळं माझ्या ओट्यावर पालथं वाळत घातलं आहे. उद्या गुरुवार, लहू यायचा आहे.